कौतुकाची धास्ती

उपासनी साहेब माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं आणि समोरची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला हा पहिलाच साहेब. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागेल म्हणून मी टेबलाच्या खणाकडे सरकले.

"शिंगारे मॅडम, आज मन कसं आहे?"

"मन बरं आहे. पंखा बंद आहे. इलेक्ट्रिशियनला दोनदा सांगून झालं."

"पंख्याचं नंतर बघू. आत काय चाललंय ते सांगा."

"आत? सकाळचे पोहे."

त्यांनी डोळे अर्धवट मिटले आणि हळूहळू मान हलवली. "तुम्ही विनोदाच्या आड काहीतरी लपवताय, असं मला जाणवतंय."

मी काही लपवत नव्हते. हा माणूस आठवड्यापूर्वीपर्यंत धड होता आणि आता याला काय झालंय, एवढाच विचार माझ्या मनात होता. पण तो त्यांना जाणवला नाही.

या गोष्टीला सोळा-सतरा वर्षं झाली. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांचा कारखाना होता. माझ्याकडे कर्मचारी विभाग, म्हणजे हजेरी, रजा, विम्याची कार्डं आणि सगळ्यांची रडगाणी. उपासनींच्या आधी मगदूम नावाचे साहेब होते. त्यांचं वाक्य शिवीने सुरू व्हायचं आणि शिवीवरच संपायचं. आता लोक त्यांच्या आठवणीने गहिवरतात, पण मला तो माणूस कधी देवमाणूस वाटला नाही. एकदा त्यांनी रागाच्या भरात एका फिटरच्या थोबाडीत ठेवून दिली आणि कारखाना पंधरवडाभर बंद पडला. तेव्हा मालकांनी त्यांना घरी बसवलं आणि पुण्याहून उपासनींना आणलं. तरुण, हुशार, कष्टाळू, जरासा घुमा. मालकांना तेवढ्यावर चैन पडेना. त्यांनी साहेबांना पाचगणीला कसल्याशा शिबिराला धाडलं. विषय होता, 'नेत्याची भावनिक बुद्धिमत्ता'. घुमा माणूस गेला आणि भावनिक बुद्धिमान माणूस परत आला. त्यापेक्षा घुमा परवडला असता.

आल्या आल्या त्यांनी गेटपाशी एक फळा लावला. त्यावर तीन चेहरे काढलेले. एक हसरा, एक सरळ, एक रडका. प्रत्येकाने कामावर येताना आपल्या नावाचं चुंबक मनाला पटेल त्या चेहऱ्याखाली चिकटवायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसऱ्याखाली लावलं, कारण साहेब शेजारी उभे होते. दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्या मुनीरचं चुंबक चुकून रडक्याखाली गेलं, तर साहेबांनी त्याला बोलावून अर्धा तास बसवून ठेवलं आणि लहानपणी वडील मारायचे का, असं विचारलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणालाच चहा मिळाला नाही. त्यानंतर मुनीर पहाटे येऊन आपलं चुंबक हसऱ्याखाली लावायचा आणि मगच शेगडी पेटवायचा.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या वर्षी ऑर्डरी कमी झाल्या आणि मालकांनी माणसं कमी करायला सांगितलं. हे काम कुठल्याही साहेबाला चुकलेलं नाही. उपासनींनी मात्र ते पाचगणीच्या पद्धतीने केलं. आधी कौतुक, मग वाईट बातमी, मग पुन्हा कौतुक. स्टोअरमधल्या मानेला बोलावलं तेव्हा मी तिथेच होते.

"माने, तुमच्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही," साहेब म्हणाले. "सध्याच्या परिस्थितीत कारखान्याला तुमच्या जागेची गरज उरलेली नाही. पण तुमचं ते हसू आम्हाला कायम बळ देत राहील."

माने हसत बाहेर पडला. सायकलच्या शेडपर्यंत पोचेतो नोकरी गेल्याचं त्याला कळलंच नव्हतं. तिथे तो मटकन खाली बसला.

मानेपाठोपाठ गोंधळी गेला, तांबोळी गेला. दोघांनाही असंच आधी डोक्यावर घेतलं आणि मग खाली सोडलं. मुनीरने या पद्धतीला नाव ठेवलं, वडापाव. वर पाव, खाली पाव, आणि मधे तिखटजाळ. मग कँटीनमध्ये रोज तीच चौकशी. "आज कुणाला वडापाव?" साहेब कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना दिसले की बाकीचे त्या माणसाकडे तिरडी उचलायला आल्यासारखे बघायचे. आणि साहेब घरी जाऊन बायकोला सांगत असतील की माणसं माझ्याजवळ किती मोकळी झालीत.

अशात एक दिवस ते टेस्टिंगला गेले.

टेस्टिंगचं टेबल रावसाहेब चौगुल्यांकडे होतं. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्या हाताखालून जायचा. पाणी सोडायचं, दाब बघायचा, कुठे गळतंय का ते बघायचं आणि पास की नापास सांगायचं. चौगुले सरळ माणूस, बोलायला कमी, कामाला पक्का. त्यांची बायको सुगंधा किडनीने आजारी होती. तिला आठवड्यातून दोनदा मिरजेला मशीनवर घ्यावं लागायचं. तो सगळा खर्च कामगार विम्याच्या कार्डावर चालायचा आणि कार्ड चालायचं चौगुल्यांच्या नोकरीवर. नोकरी गेली की कार्ड गेलं आणि कार्ड गेलं की मशीन गेलं. नवी नोकरी धरली तरी नवं कार्ड लगेच मोठ्या आजाराला चालत नाही, काही महिने थांबावं लागतं. सुगंधाबाईंचं शरीर काही महिने थांबणारं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, चौगुल्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं.

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं होतं की तुमचा एकही पंप परत पाठवावा लागला नाही. साहेब खूश झाले. त्यांनी यंत्रं धडधडत असलेल्या भर शॉपमध्ये चौगुल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौगुले, तुमच्याशिवाय हा कारखाना चालूच शकत नाही!"

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर निघून गेले.

चौगुले हातात पाना घेऊन तसेच उभे राहिले. वरचा पाव तर आला. आता वडा कधी येतो, एवढंच बाकी होतं.

वडा त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौगुले साहेबांच्या केबिनकडे डोळे लावून काम करायचे. पास झालेला पंप पुन्हा टेबलावर चढवायचे. कुणी हाक मारली की दचकायचे. आठ दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. कारखान्याच्या वर्धापनदिनी श्री. रावसाहेब चौगुले यांचा शाल-श्रीफळ देऊन हृद्य सत्कार.

कागद वाचून चौगुले थेट माझ्याकडे आले.

"म्याडम, माझं वय काय लिवलंय तुमच्याकडं?"

"चोपन्न."

"मंजी अट्ठावन्नाला चार वर्सं हायत न्हवं अजून?"

"आहेत की. कोण नाही म्हणतंय?"

"मग शाल कशाला?"

आमच्या कारखान्यात शाल आणि नारळ फक्त एकदाच मिळायचा, निवृत्तीच्या दिवशी. फेटा बांधायचा, फोटो काढायचा, गाडीतून घरापर्यंत पोचवायचं. चालू नोकरीत शाल पांघरलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता. आणि नारळ दिला म्हणजे काय, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. ते एकट्या उपासनी साहेबांना सुचलं नव्हतं, कारण पाचगणीला ते शिकवत नसावेत.

"चौगुले, तुम्हाला कुणी काढत नाही," मी म्हणाले. "काम चांगलं करता म्हणून सत्कार आहे. नवीन पद्धत आहे ही."

"नवीन पद्धतीनंच घाबारलोय म्याडम. मानेला बी काम चांगलंच म्हनलं हुतं."

"माझ्याकडे काढायच्या माणसांची नावं येतात. तुमचं नाव आलेलं नाही."

"सायबांच्या मनात काय हाय, त्ये तुमाला कुटं दिसतंय?"

हे मात्र खरं होतं. साहेब दुसऱ्यांच्या मनात इतके घुसले होते की त्यांच्या मनात काय आहे ते कुणालाच कळत नव्हतं.

मी केबिनमध्ये गेले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "साहेब, चौगुले घाबरलेत. तो सत्कार रद्द करा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं, माझ्या डोळ्यांत बघितलं. "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की चौगुले घाबरलेत."

"वाटत नाही. घाबरलेत."

"म्हणजे तुमची खात्री आहे की ते घाबरलेत."

"साहेब, मी जे बोलते तेच तुम्ही मला परत का सांगताय?"

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की मी तुमचं ऐकत नाही."

भिंतीशी बोलले असते तर भिंतीने निदान माझंच वाक्य मला परत ऐकवलं नसतं. मी दात आवळून सगळं समजावलं. तुम्ही कौतुक केलं की माणूस जातो, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. त्यांना सरळ सांगा, 'तुमची नोकरी पक्की आहे, कामाला लागा.' एवढंच.

"नुसतं सांगून भीती जात नाही मॅडम," साहेब दयेने म्हणाले. "आधी नातं तयार करावं लागतं. मी त्यांच्याशी बोलतो."

आणि ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौगुल्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि सोफ्यावर बसवलं. बँकेचे लोक आले की बसतात तो सोफा. त्यांना काचेच्या कपात, बशीसकट चहा दिला. मुनीर ट्रे घेऊन गेला होता, त्याने बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "कपबशी दिली! संपलं!"

आत साहेब चौगुल्यांना विचारत होते, "सुगंधाताईंची तब्येत कशी आहे? घरी तुम्हाला एकटं वाटतं का? रडू येतं का कधी?"

चौगुल्यांना वाटलं, बायकोच्या आजाराने आपण साहेबांच्या डोळ्यांवर आलो. ते म्हणाले, "सायेब, तिच्यापायी म्या एक बी खाडा केल्याला न्हाई. तिला मिरजंला तिची भन घिऊन जाती. माझ्या कामाला काय बी आडचन न्हाई."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी चौगुल्यांचा हात हातात घेतला. चौगुल्यांनी चहाला तोंडसुद्धा लावलं नाही. हा सगळा प्रकार साहेबांनी मला स्वतःच सांगितला, नातं तयार झालं म्हणून.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई माझ्याकडे कार्डावर शिक्का घ्यायला आल्या. मिरजेहून परस्पर आल्या होत्या. चेहरा पांढराफटक, पण जीभ धडधाकट.

"म्याडम, मशीनवर मी पडती आन् रगत त्येंच्या तोंडाचं जातंय. आजारी कोन हाय तेच कळंना मला."

"काही म्हणतात का घरी?"

"म्हनत्यात की! काडल्यावर कुनी इचारत न्हाई, आपून सोडलं तर दुसरीकडं घेत्यात. तिकडं इस्लामपूरच्या बाजूला एकाकडं शबूद टाकून आल्यात. मदतनीस म्हून घेतो म्हनला. उद्या सत्कारात सोडतो म्हून सांगनार हायत. इज्जतीत जावं म्हनं."

"आणि तुमचं कार्ड?"

त्यांनी शिक्का मारलेलं कार्ड पिशवीत नीट ठेवलं. "त्ये म्या इचारलं. म्हनले, काडल्यावर बी जानारच हाय की."

मला इतका संताप आला की उठून पाणी प्यायले. कुणी या माणसाला काढत नव्हतं. कुणाच्या मनातही नव्हतं. निव्वळ कौतुक करून करून एका माणसाला नोकरीवरून पळवून लावलं होतं, आणि त्याबरोबर ही बाई जाणार होती. मी पुन्हा केबिनकडे धावले. साहेब उद्याच्या भाषणाची तालीम करत होते.

"ते उद्या राजीनामा देणार आहेत," मी म्हणाले. "आज, आत्ता, टेबलापाशी जा आणि त्यांना झापा. काहीही कारण काढा. पण झापा."

"मॅडम!" साहेब दुखावले. "राग हे दुबळ्या नेत्याचं हत्यार आहे. मी माझ्या रागावर फार काम केलंय. आणि उद्या एकदा सत्कार झाला की त्यांची सगळी शंका फिटेल. बघाल तुम्ही."

मी बाहेर येऊन चौगुल्यांना गाठलं. पुन्हा सगळं सांगितलं, देवाशपथ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले आणि म्हणाले, "तुमी भल्या हायसा म्याडम." माझ्यावरही विश्वास उरला नव्हता. मीसुद्धा साहेबांच्याच बाजूची.

वर्धापनदिन कँटीनच्या शेडमध्ये झाला. चौगुल्यांना भगवा फेटा बांधून खुर्चीवर बसवलं होतं. फेट्याखाली त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. जत्रेच्या बोकडाला हार घालून उभं करतात, तसे ते दिसत होते. साहेब आपुलकीवर बोलले. कारखाना हे कुटुंब आहे, कुटुंबाला हृदय असतं, हृदयाला कान असतात, असं बरंच काही. मग शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या आणि रीतीप्रमाणे सत्कारमूर्तींच्या हातात माइक आला.

चौगुल्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"हितं पंचीस वर्सं काम केलं," ते म्हणाले. "मीठ खाल्लं. आता... आता उद्यापास्नं म्या येनार न्हाई. सोडतो म्हंतो. सगळ्यांनी सांबाळून घेतलं, काय चुकलं आसलं तर पदरात घ्या."

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला आणि चौगुल्यांच्या हातून माइक घेतला.

"चौगुले, तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या. हे बोलायला धैर्य लागतं. तुमच्या निर्णयाचा मी मनापासून आदर करतो."

मागे बसलेल्या दोन-तीन मूर्खांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या रांगेतून उठले. माइक नव्हता, पण मला माइक लागत नाही. "साहेब, आदर राहू द्या! यांना काढायचंय की ठेवायचंय, एका शब्दात सांगा!"

"मॅडम, एक मिनिट, मी त्यांचं ऐकून घेतोय."

"त्यांचं नका ऐकू, तुमचं सांगा!"

"या क्षणी त्यांना जे वाटतंय त्याला जागा देणं मला महत्त्वाचं—"

तेव्हा चौगुलेच बोलले. शाल त्यांनी काढली, नीट घडी केली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. "सायेब, कशाला आता? मानेला काडला, गोंदळीला काडला, तांबोळीला काडला. समद्यांस्नी आदी ग्वाड बोलून काडलंसा. माझी पाळी आली त्ये काय कळत न्हाई व्हय मला? एवडं नाटक कशाला करायचं त्ये?"

नाटक हा शब्द साहेबांना लागला. मी समोरच होते, मला दिसलं. कानापासून लाल होत होत त्यांचा सगळा चेहरा पेटला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुतेक दहापर्यंत मोजत असावेत. चार-पाचपर्यंत पोचले असतील नसतील.

"नाटक? मी नाटक करतो?" ते ओरडले आणि माइक किंचाळला. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कोण काढतंय तुम्हाला? कोण म्हणालं? महिनाभर तुमच्या मागे मागे फिरतोय मी, आणि तुम्ही मला नाटकी म्हणता! पुढच्या आठवड्यात एवढी ऑर्डर जायचीय, ते पंप कोण तपासणार? मी तपासू? काही सोडायचं-बिडायचं नाही, सांगून ठेवतो! घरी बायको मशीनवर आहे आणि हा शहाणा निघाला नोकरी सोडायला! लाज नाही वाटत? उद्या पहिल्या पाळीला टेबलावर दिसला नाहीत ना, तर घरी येऊन तंगडं मोडीन!"

पुण्याचा माणूस. 'तंगडं मोडीन' म्हणाला आणि स्वतःच दचकला.

चौगुले त्यांच्याकडे एकटक बघत होते. "उद्या पैल्या पाळीला?" त्यांनी विचारलं.

"मग काय परवा?"

"येतो," चौगुले म्हणाले आणि खुर्चीत बसले. बसले म्हणजे पडलेच. फेटा कपाळावर आला, तो त्यांनी मागे सारला आणि तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. मुनीर मागून ओरडला, "चहा आणा रे!" चहा आणायचं काम त्याचंच होतं, हेही तो विसरला. शेडभर हसू फुटलं. मी मात्र रडले, ते लपवायचं मला काही कारण नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण भावनिक बुद्धिमान माणूस इतक्या सहज सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या खोलीत आले. दाढी केलेली नव्हती. "मॅडम, काल माझा तोल गेला," ते म्हणाले. "इतक्या दिवसांची मेहनत मी एका मिनिटात मातीत घातली. मला चौगुल्यांची माफी मागायचीय. सगळ्यांसमोर. मनापासून."

ते दाराकडे वळले. मी त्यांच्या आधी दारात पोचले आणि चौकटीला हात लावून उभी राहिले.

"बाजूला व्हा मॅडम."

"नाही होणार. आत्ता तुम्ही तिकडे जाऊन गोड बोललात तर तो माणूस दुपारपर्यंत इस्लामपुरात असेल."

"पण मी त्याला नको ते बोललो. तंगडं मोडीन म्हणालो मी!"

"म्हणूनच आज आलाय तो. परक्या माणसाचं तंगडं मोडायला कुणी घरी जात नाही साहेब. घालवायच्या पाहुण्याला आपण गोड बोलतो, कपबशीत चहा देतो. ओरडतो ते घरातल्याला. तुम्ही महिनाभर त्याला पाहुणा करून ठेवला होतात."

ते काहीतरी बोलायला गेले. 'म्हणजे तुम्हाला असं वाटतंय' हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण ते बाहेर पडले नाहीत.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं.

पाचगणीहून आल्यापासून त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. माझी चीड थोडी कमी झाली. थोडीच.

"काही करू नका. रोजच्यासारखं शॉपमधून फिरा. चौगुल्यांपाशी थांबा, काहीतरी चूक काढा आणि पुढे व्हा. खांद्याला हात लावू नका."

साहेब गेले. मी मागोमाग गेले आणि खांबाशी उभी राहिले. पहिली पाळी सुरू होती. चौगुले टेबलावर पंप चढवून पाणी सोडत होते. आजूबाजूच्यांची यंत्रं चालू होती, पण डोळे सगळ्यांचे इकडेच. साहेब टेबलापाशी थांबले. लग्नात पहिल्यांदा उखाणा घेणाऱ्या नवरदेवासारखी त्यांची अवस्था. शेवटी त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं.

"चौगुले, हा गळतोय."

चौगुल्यांनी वाकून बघितलं. मग सरळ झाले.

"गळत न्हाई त्यो. माझा घाम पडलाय. चष्मा बदला सायेब."

खी खी करत कुणीतरी हसलं आणि पाठोपाठ सगळी रांग हसली. साहेबांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं. आता पुढे काय, असं त्यांचे डोळे विचारत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. आयुष्यभर मी थोडीच सांगत बसणार होते.

मागून त्यांचा आवाज आला, जरासा चिरका, पण त्यांचा स्वतःचा. "मग थांबलाय कशाला? चढवा पुढचा!"

"चढवतोय की! जरा दम काडा!"

चौगुले त्यानंतर चार वर्षं, अठ्ठावन्न पुरे होईपर्यंत, त्या टेबलावर होते. सुगंधाबाई ती चारही वर्षं जगल्या आणि वर आणखी दोन. उपासनी साहेब आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि गावोगावी जाऊन भावनिक बुद्धिमत्तेवर व्याख्यानं देतात. त्यात हा प्रसंग ते कधीच सांगत नाहीत.